दगड ६१ द्राख्मांचा, वाहतूक ६४४ ची

ग्रीक मंदिरं म्हटली की सगळे खांब आणि सौंदर्याबद्दल बोलतात, मला मात्र गेले कित्येक दिवस एका बिलाने झपाटलंय. इ.स.पू. ३७३ मध्ये डेल्फीचं अपोलोचं देऊळ पडलं आणि ते परत बांधतानाचा खर्च त्यांनी चक्क दगडावर कोरून ठेवला. त्यात कॉर्निसच्या (छपराखालून बाहेर येणाऱ्या दगडी कडेच्या) कोपऱ्याच्या दगडाचा हिशोब आहे. कोरिंथच्या खाणीतून काढायला ६१ द्राख्मा (तेव्हाचं ग्रीक चांदीचं नाणं), लेखायन बंदरातून आखात ओलांडून पलीकडच्या किऱ्हा बंदरात आणायला २२४, आणि तिथून वर डेल्फीपर्यंत चढवायला ४२०! अख्खं आखात ओलांडायचं त्यापेक्षा ती शेवटची चढण जवळपास दुप्पट महाग.

अथेन्सजवळच्या एलेउसिसच्या देवस्थानाचंही तेच, पेंटेलिकॉन डोंगरातून खांबाचा एकेक ड्रम (एकावर एक रचायचा गोल तुकडा) आणायला तिसाहून जास्त बैलजोड्या आणि तीन दिवस लागायचे. म्हणून मग दगड खाणीतच तासून हलका करायचा, पण पूर्ण नाही करायचा, वरून एक जाडसर थर ठेवायचा, म्हणजे वाटेत कुठे आपटला तरी आतली कड शाबूत राहते. मला ही अक्कल फार आवडते.

आणि जोडकामात चुना वगैरे काही नाही हं. ठोकळ्याच्या कडेची पट्टी तेवढी अगदी सपाट घासायची आणि मधला भाग किंचित खोल ठेवायचा, त्यामुळे सांधा घट्ट बसतो आणि सगळा पृष्ठभाग घासायची मेहनत वाचते. मग शेजारचे ठोकळे जोडणारे लोखंडी क्लॅम्प बसवून त्याभोवती वितळलेलं शिसं ओतायचं, म्हणजे पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची दुरुस्ती करताना शिशाशिवाय लोखंड वापरलं, ते गंजून फुगलं आणि संगमरवर फुटला, आता तिथे टायटॅनियम घालतात. हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण उत्तर त्याच इमारतीत समोर होतं!

खांबावरच्या उभ्या पन्हळी सगळ्यात शेवटी, खांब उभा राहिल्यावर कोरायच्या. अथेन्सच्याच एरेख्थेऑन मंदिराचे इ.स.पू. ४०९ नंतरचे हिशोब आहेत, त्यात या कामाचे पैसे कोणाला दिले ते नावानिशी लिहिलंय. नागरिक असो, बाहेरून येऊन स्थायिक झालेला असो की गुलाम, कुशल कामाचा रोज साधारण १ द्राख्मा, सगळ्यांना सारखाच. गुलामाचा पैसा बहुतेक मालकाच्याच हातात जात असणार, ते वेगळं. पण सिमियास नावाचा एक कारागीर आपल्या गुलामांना घेऊन एकाच खांबावर काम करत होता आणि यादीत त्याच्या नावाखाली केर्दोन या गुलामाचंही नाव आहे, दगडात कोरलेलं.