रविवारचे दोन तास आणि महिन्याचा खर्च

आम्ही दोघंही नोकरीवाले, रात्री आठला घरी आलं की स्वयंपाकाला जीवच उरत नाही, मग मोबाईलवरून ऑर्डर, आणि हे आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं तेव्हा मी वैतागून हिशोबाची वही काढली. सगळ्यात मोठं भोक तिथेच होतं.

आता रविवारी सकाळी मंडईतून आठवड्याची भाजी आणतो आणि दोन तास सगळे मिळून बसतो. मटकी-मूग भिजवून मोडाला बांधायचे, कांदा-खोबऱ्याचं वाटण करून फ्रीजरमध्ये, लसूण सोलून डब्यात. वाटण तयार असलं ना की उसळ वीस मिनिटांत होते, खरंच, ऑर्डर यायच्या आधी! कुकरमध्ये वरण-भात-बटाटे एकावर एक लावते म्हणजे गॅसही एकदाच पेटतो.

दुसरं म्हणजे पंखे. जुना पंखा साधारण 75 वॅटचा, नवे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे 30 वॅटच्या आसपास, दिवसाला 12 तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात. महाग आहेत म्हणून आम्ही एकदम नाही घेतले, आधी हॉलचा बदलला, दिवाळीत बेडरूमचा.

आणि सासूबाई उन्हाळ्यात वर्षाचे गहू-डाळी घेऊन उन्हं दाखवून भरून ठेवायच्या ते मला पूर्वी उगाच काम वाटायचं, यंदा मीच त्यांना म्हटलं, आई, मलाही शिकवा, निदान तूरडाळ आणि गहू तरी भरू.