पॅसिव्ह घर, ॲक्टिव्ह माणसं

जर्मनीतल्या हायडेलबर्गला येणाऱ्या पाहुण्यांना मी आधी किल्ला, जुना पूल, नेकर नदी दाखवते आणि मगच घरी आणते. आमचा भाग, बानश्टाट, पाहून बहुतेकांचा चेहरा उतरतो. चौकोनी इमारती, चौकोनी खिडक्या, मधोमध सरळ रेषेत पाणी. "हे तर हिंजवडी फेज थ्री," पुण्याचा मावसभाऊ म्हणाला. ट्रॅफिक सोडलं तर त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

इथं पूर्वी मालगाड्यांचं यार्ड होतं. त्या 116 हेक्टरांवर शहराने नवी वस्ती बसवली, 2012 मध्ये पहिले रहिवासी आले. अट एकच: घर असो वा ऑफिस, बांधायचं ते पासिफहाउसच्या, म्हणजे पॅसिव्ह घराच्या, मानकाप्रमाणे. म्हणजे घर उबदार ठेवायला चौरस मीटरमागे वर्षाला 15 युनिटच्या आसपास उष्णता पुरली पाहिजे. इन्सुलेशन नसलेल्या जुन्या जर्मन घराला याच्या दहापट सहज लागते. जाड इन्सुलेशन, तीन काचांच्या खिडक्या, फटी नसलेल्या भिंती आणि सतत मंद चालणारा एक पंखा, एवढ्यावर हे जमतं. पंखा स्वयंपाकघर-बाथरूममधली वापरलेली हवा बाहेर टाकतो आणि जाता जाता तिची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देतो. अशी पहिली चार घरं आमच्यापासून तासाभरावर, डार्मश्टाटच्या क्रानिखश्टाइन भागात 1991 पासून उभी आहेत. ती ज्यांच्या कल्पनेतून आली ते भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट स्वतः त्यातल्याच एका घरात राहायला गेले. कुठल्याही बिल्डरला घालावी अशी अट आहे ही.

माझं काम इमारतींच्या हवा-उष्णता यंत्रणांचं. आमच्या हिशेबाच्या तक्त्यात भिंतीची जाडी, काचेचा प्रकार, सूर्याची दिशा असं सगळं भरावं लागतं. माणसाच्या वाट्याला मात्र एकच आकडा येतो: घरात 20 अंश. तो पाळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. एकसारख्या घरांच्या रांगेत मोजमापं घेतली की सरासरी हिशेबाशी छान जुळते, पण एका घराचा खर्च शेजारच्या घराच्या दुप्पट निघतो. हे काही जर्मनीचंच नाही. आपली इतकी मंडळी राहतात त्या न्यू जर्सीत, ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत, प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 1970 च्या दशकात एकसारखी रो-हाउसेस तपासली होती. घर तेच राहिलं आणि कुटुंब बदललं, तर गॅसचा वापरही बदलला.

आता गंमत ऐका. हे घर बांधलं जर्मनांनी, जर्मनांसाठी. पण याला हव्या असलेल्या सवयी आहेत आपल्या.

थंड बेडरूमचंच घ्या. इथल्या लोकांना दिवाणखाना उबदार आणि झोपायची खोली गार लागते, सोळा-सतरा अंश. पासिफहाउसमध्ये मात्र सगळं घर हळूहळू एकाच तापमानाला येतं. मग आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं काय करतं? बेडरूमची खिडकी अख्खा हिवाळा तिरकी उघडी. पंखा ऊब वाचवतोय, खिडकी ती रस्त्यावर सोडतेय. आणि आम्ही? सगळ्या खोल्या सारख्या उबदार, अंगात सुती कुर्ता, यापेक्षा मोठं सुख काय असतं!

कपडे वाळवण्याचंही तसंच. जुन्या घरात ओले कपडे आत वाळत घातले की कोपऱ्यात बुरशी धरते. म्हणून भाडेकरारात सूचना असतात: दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडा, पाच-दहा मिनिटं वारं खेळू द्या, मग बंद करा. श्टोसल्युफ्टन म्हणतात त्याला, आणि लोक ते हिमवर्षावातही निष्ठेने करतात. तरी बुरशी आलीच तर घरमालक म्हणतो भाडेकरू खिडकी उघडत नाही, भाडेकरू म्हणतो भिंतच थंड आहे, आणि प्रकरण कोर्टात. माझ्या मते यात चूक बहुधा भिंतीची असते आणि बोलणी खातो माणूस. आमच्याकडे उलट तक्रार असते: हिवाळ्यात पंख्यामुळे हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. तिथं दिवाणखान्यातला कपड्यांचा स्टँड म्हणजे फुकटचं औषध. शेजारणींना तो गबाळेपणा वाटतो, वाटू दे.

उन्हाळ्यात तर विचारूच नका. ऱ्हाइनचं हे खोरं जर्मनीतल्या सगळ्यात उष्ण भागांपैकी. घरात एसी नाही, छताला पंखा लावायची पद्धत नाही. दुपारी 35 अंश झाले की लोक "हवा येऊ दे" म्हणून खिडक्या उघडतात आणि रात्री आवाज नको म्हणून बंद करतात. इतकं इन्सुलेशन असलेल्या घरात एकदा शिरलेली उष्णता सहजी बाहेर पडत नाही. मागे जूनमध्ये आई नागपूरहून आली होती. तिने सकाळी आठलाच बाहेरच्या झडपा ओढल्या, खिडक्या बंद केल्या आणि अंधार करून बसली. रात्री दहानंतर सगळं उघडलं. "एवढ्या शिकलेल्या लोकांना हे कोणी सांगितलं नाही का?" तिचा प्रश्न रास्त होता. माहितीपुस्तिकेत नेमकं हेच लिहिलंय, पण ती वाचतं कोण!

फक्त एका ठिकाणी हे घर आपल्यापुढे हात टेकतं: फोडणी. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून इथल्या शेगडीवरच्या चिमण्या हवा बाहेर टाकत नाहीत, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत खोलीत सोडतात. वास थोडाफार अडतो, कुकरची वाफ अजिबात नाही. सुक्या मिरच्या तेलात पडल्या की बेडरूमपर्यंत ठसका जातो. पंख्याला यासाठी जोराची गती दिलेली आहे, पण तिचं बटण आमच्याकडे स्टोअररूमच्या दाराआड. डिझाइन करणाऱ्याने यंत्राला सोयीची जागा पाहिली. हातात उलथनं असलेला माणूस तिथं कसा पोचणार हे पाहिलं नाही. ऑफिसातही हेच. हालचाल न दिसल्यास दिवे आपोआप विझतात, त्यामुळे संध्याकाळी एकटी बसलेली सहकारी दर दहा मिनिटांनी आरती ओवाळल्यासारखे हात फिरवते.

माणूस हिशेब उलट्या दिशेनेही चुकवतो. केंब्रिजच्या मिना सुनिका-ब्लांक आणि रे गॅल्विन यांनी 2012 मध्ये सुमारे 3,400 जर्मन घरांचे आकडे पडताळले. जुन्या, ऊब गळणाऱ्या घरांत लोक कागदावरच्या अंदाजापेक्षा सरासरी 30 टक्के कमी उष्णता वापरत होते. परवडतच नाही, तर एक खोली तापवायची, बाकीच्यांत स्वेटर घालून वावरायचं. त्यात 1981 पासून नियम असा की इमारत एका बॉयलरवर असली तरी बिलाचा निदान निम्मा भाग ज्याच्या-त्याच्या वापरानुसार. मग अशा घराला लाखो रुपयांचं इन्सुलेशन चढवलं तर बचत कुठून दिसणार? जे जाळतच नव्हते ते वाचणार कसं? आजीबाई आयुष्यात पहिल्यांदा चारही खोल्या तापवतात. मी तरी याला उधळपट्टी म्हणणार नाही.

इमारतीचा हिशेब आणि माणसाची सवय जुळत नाही, हा प्रश्न तुमच्याकडे भारतातही येतोय. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय ऑफिसांत लोकांना विचारून आरामदायी तापमानाचं मॉडेल बनवलं, 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते घेतलंही गेलं. त्याचं सार असं की बाहेर गरम असलं की माणसाला आतही जरा गरम चालतं, त्यातून खिडकी आणि पंखा हाताशी असला तर आणखीच. तरी भर मे महिन्यात काचेच्या टॉवरमध्ये शाल पांघरून बसलेली माझी मैत्रीण मला बावीस अंशांचा फोटो पाठवते. खिडकी उघडत नाही, रिमोट ॲडमिनकडे.

आमच्या बटणाचं म्हणाल तर मी मालकसभेत विषय मांडला: स्वयंपाकघरात, शेगडीच्या शेजारी एक जादा बटण, अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारं. गार बेडरूमवाल्या शेजाऱ्यांनी लगेच पाठिंबा दिला, त्यांना रविवारी मासे तळायचे असतात. खजिनदारांनी तीन कोटेशन मागवलीत. पण त्याआधी सायकल स्टँडचा वाद मिटायचा आहे, आणि तो मागच्या वर्षीपासून चालू आहे.