झोपेत निखळणारा खांदा

ऑपरेशन झालेला खांदा वर्षाच्या आत पुन्हा निखळला होता, आणि तोही घरात खाटेवर झोपलेलं असताना. पोळा होऊन गेला होता, पांढरकवड्याच्या बाजूच्या आमच्या लहानशा दवाखान्यात ओपीडीला गर्दी होती. पंचविशीतला मुलगा, जिनिंगमध्ये हमाली करणारा, अंगाने दणकट. उजवा हात डाव्या हाताने धरून बसला होता. सोबत माय आणि मागे उभी बायको. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं.

"पोट्ट्याचा खांदा झोपेतच निंगते बाई," माय म्हणाली. "बाहेरचं काही असन का?"

आधी खांदा बसवला. दुखणं आणि स्नायूंचा ताण उतरवणारं इंजेक्शन दिलं, हात सावकाश ओढत बाहेर फिरवला, खटकन आवाज आला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं ताठरपण गेलं. त्याआधी आणि नंतर दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवून पाहिला. खांद्याला वळसा घालून जाणारी ॲक्झिलरी नर्व्ह ही नस दुखावली असेल तर तिथली जाणीव कमी होते आणि हात वर उचलता येत नाही. नस चांगली होती.

पण खांदा बसवणं हा उपचाराचा सगळ्यात सोपा भाग. खांद्याचा सांधा म्हणजे पणतीवर ठेवलेलं लिंबू आहे. वाटी उथळ आणि गोळा मोठा, म्हणून तर हात चहूकडे फिरतो. वाटीच्या कडेला कुर्चेसारखी एक किनार असते, लॅब्रम. गोळा पुढे निसटला की पुढची किनार फाटते. लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी 1923 साली ही फाटलेली किनार हाच खरा दोष आहे असं मांडलं, आणि ती पुन्हा हाडाला शिवायच्या ऑपरेशनला आजही त्यांचंच नाव आहे. आता ते दुर्बिणीतून होतं. या मुलाचंही एका शहरात तसंच झालं होतं. कागद व्यवस्थित होते, टाके जिथे हवे तिथेच घातलेले होते. झोपेत हात डोक्याखाली गेला की सैल झालेला खांदा निसटू शकतो, त्यामुळे त्या सर्जनला वेगळी शंका आली नाही यात काही वावगं नव्हतं.

मला अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. पहिल्यांदा खांदा निखळला तेव्हा काय करत होतास, असं विचारलं. तो म्हणाला, "खाटेवरून पडलो असन."

असन? खांदा पहिल्यांदा निखळलेला माणूस ती घडी जन्मभर विसरत नाही. कबड्डी खेळणारा पोरगा कोणत्या गावच्या मॅटवर, कोणत्या चढाईत हात ओढला गेला ते सांगतो. कडबा रचणारा गंजीची उंची सांगतो. याला काहीच आठवत नव्हतं. ना पहिल्या वेळचं, ना नंतरच्यांपैकी बहुतेक वेळांचं. जीभ बाहेर काढायला सांगितली. कडेला जुने व्रण होते, एक ताजा.

"कधी फिट येते का?" मी विचारलं. त्याच्याआधी मायनेच उत्तर दिलं, "नाई बाई, तसलं काही नाई."

मी मायलेकाला एक्स-रेला पाठवलं आणि आमच्या सिस्टरला सांगून सुनेला थांबवून घेतलं. ती बराच वेळ पदराचं टोक चाळत राहिली. मग एका दमात बोलली. "रातच्याले त्याईचं अंग ताठ होते बाई. दात खातेत, डोये वर जातेत. मंग घोरतेत. सकायी त्याईले काहीच आठोत नाई. मी कोनाले सांगतलं नाई. लोकं म्हनतीन, हिचाच पायगुन."

ती महिनोन् महिने हे एकटी पाहत आली होती. रात्री दिवा लावून बसायची, सकाळी ओली चादर धुऊन वाळत घालायची, आणि कुणाला कळू नये म्हणून गप्प राहायची. त्या मुलीच्या धीराबद्दल माझ्या मनात जे आहे ते मला नीट लिहिता येणार नाही. त्या दिवशीचं निदान सीटी मशीनने केलं नाही, तिने केलं.

माय परत आल्यावर मी तिला रागावले नाही. तिचंही लपवणं भीतीतूनच होतं. लहानपणी झटके यायचे, मग बंद झाले. लग्नाच्या वेळी ते बोललं असतं तर सोयरीक मोडली असती. पण हे मला कळकळीने सांगायचं आहे, विशेषतः आमच्या भागातल्या घरांना: मिरगी लपवली की ती जात नाही, ती रात्री येते. फिटमध्ये खांद्याभोवतीचे सगळे दांडगे स्नायू एकदम आखडतात, आणि तो जोर जागेपणी कुणी स्वतः लावू शकत नाही. वैद्यकीय पुस्तकांत फिट म्हटलं की खांदा मागच्या बाजूला निखळतो असं ठळक लिहिलेलं असतं. म्हणूनच पुढे निखळलेला खांदा पाहून फिटचा प्रश्न विचारायचा राहून जातो. प्रत्यक्षात फिटमध्ये तो पुढेही निखळतो, आणि दर वेळी हाड जास्त झिजवतो.

सीटीत तेच दिसलं. वाटीची पुढची खालची कड जवळपास पाव भाग झिजून गेली होती, आणि गोळ्याच्या मागच्या बाजूला खोल खाच पडली होती. या खाचेला हिल-सॅक्स म्हणतात, 1940 साली ज्या दोन डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं त्यांच्या नावावरून. एवढं हाड गेल्यावर नुसती किनार शिवून भागत नाही. बर्कहार्ट आणि डी बिअर या सर्जनांनी 2000 साली दुर्बिणीतून शिवलेल्या 194 खांद्यांचा हिशेब मांडला होता. हाड शाबूत असलेल्यांत पुन्हा निखळण्याचं प्रमाण 4 टक्के, मोठी झीज असलेल्यांत 67 टक्के. गेलेलं हाड परत भरायला हवं होतं.

तरीही मी तारीख दिली नाही. फिट थांबल्याशिवाय नवीन हाड बसवणं म्हणजे ते मोडायला ठेवणं. त्याला नागपूरला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. मेंदूच्या सीटीत एक बारीक, कॅल्शियम धरलेली जुनी गाठ निघाली, फीतकृमीच्या अळीची. घर माळकरी, त्यामुळे मायला ते पटेना. या कृमीची अंडी मटणातून नव्हे, तर न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांवरून पोटात जातात, हे समजावून सांगायला वेळ लागला.

गोळ्या सुरू झाल्या. विहिरीवर एकट्याने जायचं नाही, दुचाकी चालवायची नाही, गंजीवर चढायचं नाही. जिनिंगचा हंगाम तोंडावर आलेला, हमाली बंद म्हणजे घर बंद. त्यांच्या मुकादमाने त्याला काट्यावर पावत्या फाडायला बसवलं, हे त्या माणसाचे उपकारच. बायको रोज रात्री गोळी स्वतःच्या हाताने द्यायची आणि कॅलेंडरवर खूण करायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली, फिट आली नाही. होळीनंतर ऑपरेशन ठरलं.

फ्रान्समधल्या ल्योंचे सर्जन लातार्जे यांनी 1954 साली सांगितलेलं हे ऑपरेशन. त्याच खांद्याच्या पुढे कोरॅकॉइड नावाचा हाडाचा एक छोटा बाक असतो. तो त्याच्या स्नायूंसकट कापून घ्यायचा आणि वाटीच्या झिजलेल्या कडेला दोन स्क्रूंनी बसवायचा. हाडाने कड भरते, आणि हात वर जाऊन बाहेर वळला की त्याला चिकटलेले स्नायू गोळ्याच्या पुढे ताणले जाऊन त्याला अडवतात.

त्या सकाळी भूलतज्ज्ञांना आणि मला एकच काळजी होती, टेबलवर किंवा शुद्धीवर येताना फिट येऊ नये. उपाशीपोटी असला तरी सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला लावली. ती चुकली असती तर मी ऑपरेशन पुढे ढकललं असतं. आत गेल्यावर जुने टाके दिसले, सैल पडलेले. बाक कापताना आतल्या बाजूची, कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना जाणारी मस्क्युलोक्यूटेनिअस नर्व्ह सांभाळली, सांध्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू न कापता त्याच्या तंतूंच्या दिशेने फाकवला. मग सगळ्यात नाजूक काम: हाडाचा तुकडा वाटीच्या कडेशी अगदी समतल बसला पाहिजे. थोडा बाहेर राहिला तर गोळा त्यावर घासून सांधा खराब होतो, आत गेला तर अडवणार काय? बोट फिरवून पाहिलं, सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं. मगच दुसरा स्क्रू आवळला. टेबलवरच हात वर आणि बाहेर वळवून पाहिला. गोळा जागचा हलला नाही.

हात झोळीत, पण बोटं आणि कोपर दुसऱ्या दिवसापासून हलवायला लावलं. तीन महिन्यांनी सीटी केला, हाड जुळलं होतं. हात पूर्वीपेक्षा थोडा कमी बाहेर वळतो, त्याची त्याला तक्रार नाही. फवारणीचा पंप अजून पाठीवर घ्यायचा नाही. गोळी कधी बंद करायची ते न्यूरोलॉजिस्ट ठरवतील, तोवर एकही दिवस चुकवायची नाही. मुकादमाला मी चिठ्ठी दिली आहे, येत्या हंगामातही याला काट्यावरच ठेवा म्हणून.