खंबाटकीत शहाणी, सिग्नलला वेडी

पीयूसीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, आधी गाडी कुठेतरी दाखवून घ्या." आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.९ टक्के, आणि आमच्या बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ ची. इंजिनाचा पिवळा दिवा तर महिनाभर लागलेलाच होता. गळक्या नळाची सवय होते तशी मला त्याची झाली होती.

गाडी २०१४ ची, १ लाख १० हजार किलोमीटर पळालेली. पुण्यात १४ चं अ‍ॅव्हरेज १० वर आलं होतं, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी, सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलचा वास. सर्व्हिस सेंटरने कॉम्प्युटर लावला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, गेला असं सांगून चाळीस हजारांचं कोटेशन हातात दिलं. बिघाडाचा कोड कोणता आला म्हणून विचारलं, तर "ते आमच्या सिस्टीममध्ये असतं" एवढंच उत्तर.

मला खटकत होतं ते वेगळंच. त्याच आठवड्यात साताऱ्याला जाऊन आलो होतो. खंबाटकी चढताना पिकअप एकदम झकास, हायवेचं अ‍ॅव्हरेजही नेहमीचंच. स्वारगेटला परत आलो आणि पुन्हा तोच वास. कन्व्हर्टर गेला असेल तर तो फक्त पुण्यातच कसा जातो?

मग ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर मागवला, हजाराच्या आतला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला, मोबाइलवर कोड आला पी ०१३५. म्हणजे इंजिनाजवळच्या, पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. कन्व्हर्टरचा नेहमीचा कोड पी ०४२०, त्याचा पत्ताच नव्हता.

इथे कोडं सुटायला लागलं. हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. धुराच्या उष्णतेने तो तापतोच, पण लवकर तापावा आणि गाडी उभी असतानाही गरम राहावा म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. हीटर मेला की सिग्नलला सेन्सर गार पडतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते कळेनासं होतं, आणि तो अंदाजाने, थोडं हात सैल सोडून पेट्रोल टाकतो. घाटात धूरच इतका तापलेला असतो की हीटरवाचून भागतं.

लाइव्ह डेटात तेच दिसलं. आयडलिंगला व्होल्टेज ०.४५ वर थिजलेलं. दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर आकडा जागा झाला आणि ०.१ ते ०.८ च्या मध्ये झोके घ्यायला लागला. म्हणजे सेन्सरचं नाक शाबूत होतं, गेली होती ती शेगडी.

की वायर? आमच्या पार्किंगमध्ये उंदीर आहेत, गेल्या वर्षी त्यांनी वॉशरची नळी खाल्ली होती. त्यामुळे घाई केली नाही. फ्यूज पाहिला, ठीक. कनेक्टर सोडवून गाडीच्या बाजूला इंजिन चालू असताना मल्टिमीटर लावला, १२ व्होल्टच्या वर येत होते. मग सेन्सरच्या बाजूच्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये रोध मोजला. काही ओहम यायला हवे होते, मीटर ढिम्म. हीटरची तार आत तुटलेली.

नाना पेठेतून गाडीच्या मूळच्याच कनेक्टरचा सेन्सर आणला, २,८०० रुपयांना. वायरी जोडून घ्यायचा 'युनिव्हर्सल' त्याहून स्वस्त होता, पण गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांनी आधीच बजावलं होतं, "सोल्डर मारून बसलास तर फुकट जाईल." बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आवरणातूनच आत जाते, हे मला नंतर कळलं.

काढणं माझ्याच्याने झालं नाही. पत्र्याचं हीट शील्ड सोडवलं, २२ चा पाना लावला, जोर केला, बोटांची साल निघाली. सेन्सर हलला नाही. काकांनी आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारला, चहा सांगितला आणि इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं. कोमट लोखंडावर पान्याला पाइप अडकवून एकच झटका, कर्रर्र करून सुटला. थंड असताना ओढला असतास तर मॅनिफोल्डचे, म्हणजे सेन्सर बसतो त्या धुराच्या नळीचे, आटेच हातात आले असते, असं ते म्हणाले. जुना सेन्सर कोळशासारखा काळा. नव्याच्या आट्यांना आधीच तांबूस ग्रीस होतं, ते टोकाला लागू नये म्हणून काकांनी तो लाडूसारखा जपून धरला होता.

कोड पुसला, दिवा गेला. चार दिवसांनी पीयूसीत ०.०५ आलं. शहरातलं अ‍ॅव्हरेज पुढच्या दोन टाक्यांत १३ च्या वर चढलं, पूर्वीइतकं मात्र नाही. टायरही जुने झालेत.

आता स्कॅनरवर दोन्ही सेन्सरच्या रेघा एकाखाली एक लावून बघतो. पुढचा सतत वरखाली नाचतो आणि कन्व्हर्टरच्या मागचा ०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ चालतो. कन्व्हर्टर काम करत असला की मागची रेघ अशीच दिसते. चाळीस हजारांचं ते कोटेशन अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, त्याच्या मागे मी पेट्रोलचा हिशोब लिहितो.