मनाला हाक मारणं

मागच्या रविवारी दादाशी फोनवर जाम भांडले, बाबांना डिस्चार्ज मिळाल्यावर कोणाकडे ठेवायचं यावरून, आणि फोन ठेवला तरी हात थरथरत होते म्हणून सरळ चपला घालून ठाण्याच्या तलावपाळीला आले. संध्याकाळची ही गर्दी, तरी चालत राहिले, डोक्यात एकच चक्र, तो असं बोललाच कसा, मी काय कमी केलं का.

आणि आजी आठवली. नौपाड्याच्या चाळीत ती दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणायची, सगळे 205 नाही, दहा-बारा. लहानपणी मला वाटायचं ‘मना’ नावाचा कोणीतरी मुलगा आहे आणि रामदास त्याला सारखे समजावतायत. आता वाटतं तसंच तर आहे ते. मनाला समोर बसवायचं आणि त्याच्याशी बोलायचं.

मिशिगन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांनी 2014 मधे याच्या जवळचंच काहीतरी तपासलं. लोकांना भाषण करायला लावलं, आणि त्याआधी काहींनी स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलायचं, काहींनी स्वतःच्या नावाने. नावाने बोलणारे कमी घाबरले, भाषणही चांगलं झालं. मग 2017 मधे जेसन मोझर आणि क्रॉस वगैरेंनी मेंदूतले सिग्नल मोजले, त्रासदायक चित्रं बघताना स्वतःबद्दल नावाने विचार केला की भावनेची लाट एका सेकंदाच्या आत उतरायला लागते, आणि मेंदूला त्यासाठी जास्त जोर लावावा लागतोय असंही दिसलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण डोकं भडकलेलं असताना जोर लावायची ताकद उरलेलीच नसते.

आमच्या घरात मात्र शांत राहा म्हणजे गिळ, एवढंच शिकवलं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1993 मधेच दाखवलंय की भावना चेहऱ्यावर दाबली तरी आत ती तेवढीच जाणवते, त्वचेवरच्या घामासारख्या ताणाच्या खुणा उलट वाढतात. आजीपण आजोबांसमोर गिळायचीच. पण दिव्यापुढची ती पंधरा मिनिटं तिची स्वतःची होती.

तर तलावाच्या कठड्याला टेकून मी मला आजीच्या हाकेने विचारलं, बाय, काय होतंय तुला? उत्तर आलं त्यात राग नव्हताच, बाबांना काही झालं तर, ही भीती होती. दादाला परत फोन लावला आणि तेवढंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, कुठे आहेस, येतो मी.