सहा आठवड्यांची स्पॅनिश

मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर तुकडीत कुणीतरी विचारतंच: "पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पाटी लावून दारोदार फिरणारी ती अमेरिकन मॉर्मन पोरं सहा आठवड्यांत स्पॅनिश कशी शिकतात? आम्हाला वर्षभरात चार वाक्यं धड जुळवता येत नाहीत." तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सरळ उत्तर असं की शिकत नाहीत. सहा आठवड्यांत हाती येते ती प्रार्थनेपुरती, श्रद्धा सांगण्यापुरती आणि "पुन्हा कधी येऊ?" विचारण्यापुरती स्पॅनिश. उरलेली लोकांच्या अंगणात शिकतात, फजिती करून घेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'मॉर्मन' हे लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव. 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरावं, असा त्या चर्चचा 2018 पासून आग्रह आहे. मुलग्यांना 2012 पासून 18व्या वर्षी मिशनरी म्हणून, म्हणजे धर्मप्रसाराला जाता येतं, त्याआधी 19 लागायचं. मुलगे 24 महिने जातात, मुली 18. पगार नाही. देश आणि भाषा चर्च ठरवतं. स्पॅनिश वाट्याला आली तर युटामधलं प्रोव्हो किंवा मेक्सिको सिटी अशा ठिकाणच्या प्रशिक्षण केंद्राचा सुमारे सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम असतो. त्यातला सुरुवातीचा भाग आता घरून ऑनलाइनही होतो.

पहिल्याच दिवसांत प्रार्थना शिकवतात. तिचे टप्पे चार: देवाला हाक, आभार, मागणं, आणि येशूच्या नावाने शेवट. गंमत मागण्यात आहे. 'ते पेदिमोस के नोस बेंदिगास', म्हणजे 'तू आम्हाला आशीर्वाद द्यावास असं मागतो'. यातलं 'बेंदिगास' हे सबजंक्टिव्हचं, म्हणजे इच्छा-विनंतीसाठी वापरायचं, क्रियापदाचं वेगळं रूप आहे. आपल्या वर्गात ते यायला बरेच महिने जातात, आणि तेव्हाही निम्मा वर्ग कपाळाला हात लावतो. ही पोरं ते पहिल्या आठवड्यात म्हणतात, कारण त्यांना नियम सांगितलेलाच नसतो. आपण लहानपणी शुभंकरोती शिकतो तसं अख्खं वाक्य तोंडात बसतं आणि दिवसातून दहा-बारा वेळा म्हटलं जातं. दुसरा साचा 'यो से के', 'मला ठाऊक आहे की'. त्यापुढे साधं क्रियापद चालतं, म्हणून श्रद्धा सांगणं मागण्यापेक्षा सोपं जातं. माझ्या मते त्यांच्या पद्धतीतलं उचलण्यासारखं एवढंच: ठरावीक वाक्यं, आणि ती रोज खरोखर कुणाला तरी म्हणायची.

मराठी माणसाने मात्र उगाच न्यूनगंड धरू नये. त्या पोरांना जे महिनोनमहिने छळतं, ते आपल्याला घरचंच आहे. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' यात क्रियापद आंब्याच्या मागे जातं, माझ्या नाही. स्पॅनिशचं 'मे गुस्ता, मे गुस्तान' अगदी तसंच चालतं. इंग्रजी बोलणारा तिथे 'मी' कर्ता करून बसतो आणि फसतो. त, द हे दंत्य उच्चार आपल्याकडे जन्मजात आहेत. देवाला 'तू' आणि घरच्या मोठ्यांना 'तुम्ही' हेही आपल्याला सांगावं लागत नाही. स्पॅनिश प्रार्थनेत देव 'तू' असतो आणि दार उघडणाऱ्या आजी 'उस्तेद', म्हणजे तुम्ही. नवखा मिशनरी घाईत या दोघांची अदलाबदल करतो.

पुस्तकाचाही एक घोळ आहे. ते वापरतात ते स्पॅनिश बायबल आणि बुक ऑफ मॉर्मन (त्यांचा स्वतःचा धर्मग्रंथ) 'व्होसोत्रोस', म्हणजे 'तुम्ही सगळे', या जुन्या अनेकवचनी सर्वनामाने भरलेलं आहे. ते स्पेनमध्ये जिवंत आहे, पण लॅटिन अमेरिकेत बोलण्यात नाही. तिथे सगळे 'उस्तेदेस' म्हणतात. सकाळी वाचलेलं संध्याकाळी तसंच बोललं की अंगणातली मुलं फिदीफिदी हसतात.

चुकांचे काही मासले. 'पेकादो' म्हणजे पाप, 'पेस्कादो' म्हणजे मासळी. एक 'स' जास्त पडला की माणूस लोकांना मासळीबद्दल पश्चात्ताप करायला सांगतो. 'कासादो' विवाहित, 'कान्सादो' थकलेला. 'एम्बारासादा'चा अर्थ ओशाळलेली नव्हे, गरोदर. वय सांगताना 'आन्योस'चं 'आनोस' झालं तर वर्षांच्या जागी गुदद्वारं येतात. 'कोहेर' हे स्पेनमध्ये 'घेणं', बस पकडण्यालाही तेच. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात त्याचा अर्थ अश्लील होतो, म्हणून ते चारचौघांत उच्चारू नये, 'तोमार' म्हणावं.

बोलणं पाठांतराने निभावतं, ऐकणं नाही, आणि खरी अडचण तीच असते. मिशनरी कायम जोडीने असतात, एक जुना आणि एक नवा. अर्ध्या-पाऊण तासाच्या धड्यात नव्याच्या वाट्याला प्रार्थना आणि एखादा परिच्छेद येतो. तो व्यवस्थित म्हणतो, म्हणून समोरची बाई त्यालाच प्रश्न विचारते, आणि तो नुसता 'सी, सी' करत मान हलवतो. प्रश्न "माझं मूल वारलं, ते कुठे गेलं?" असा असला तर ती मान फार वाईट दिसते. म्हणून शहाणा जोडीदार प्रश्नाच्या आधीच मध्ये पडतो. बदल्या साधारण दर सहा आठवड्यांनी जाहीर होतात, तोवर त्याच्यावरच भिस्त.

शब्द कळले तरी अर्थ हुकतो. मेक्सिकोत 'आओरिता' म्हणजे 'आत्ता लगेच' असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात तासाभराने, किंवा कधीच नाही. "रविवारी येतो, देवाच्या मनात असलं तर" हे वचन नसतं, आपलं "बघू, जमलं तर" असतं. अर्जेंटिना-पॅराग्वेत दाराची कडी वाजवण्याऐवजी फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. कॉफी पुढे आली तर ती त्यांच्या धर्माला चालत नाही, चहाही नाही. पण 'ते दे मान्सानिया' म्हणजे कॅमोमाइलचा काढा चालतो. नुसतं 'नको' म्हणून यजमानीणबाईंना दुखावण्यापेक्षा तो मागणं बरं.

सर्वांत जास्त ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "माझा बाप्तिस्मा झालाय". कॅथलिक घरांत हा पाण्याचा दीक्षाविधी तान्हेपणीच होतो. मॉर्मन मात्र आठ वर्षांखालच्या मुलांना तो देत नाहीत, आणि दुसऱ्या चर्चमधला धरतही नाहीत. हे न दुखावता सांगायला सहा आठवड्यांची भाषा पुरत नाही. चर्चच्या नावातला 'सान्तोस' म्हणजे संत हा शब्दही गोंधळ घालतो, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देवळातल्या मूर्ती येतात.

त्यातून कुणी तयार झालंच, तर कागदपत्रं आडवी येतात. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याला आधी कायदेशीर लग्न करावं लागतं किंवा वेगळं व्हावं लागतं. लॅटिन अमेरिकेत असे संसार पुष्कळ, आणि अनेकदा कुणा एकाचं पहिलं लग्न कागदावर शिल्लक असतं. चिलीमध्ये तर 2004 पर्यंत घटस्फोटाचा कायदाच नव्हता, त्यामुळे अशा माणसांना पहिल्या लग्नातून सुटणं फार अवघड होतं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी हौद भरायला काही तास लागतात, म्हणून नळ वेळेवर सोडायला हवा. पाण्यात उभं राहून माणसाचं पूर्ण नाव घ्यायचं, मग ठरलेली वाक्यं शब्दशः म्हणायची. स्पॅनिश नावात दोन नावं आणि दोन आडनावं सर्रास असतात. ती आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून बघावीत. दोन साक्षीदार काठावरून लक्ष ठेवतात. शब्द चुकला, किंवा पायाचा अंगठा नाहीतर केसांची बट पाण्याबाहेर राहिली, की ते "ओत्रा बेस", म्हणजे पुन्हा, म्हणतात, आणि ओलाचिंब माणूस नाक धरून परत बुडी मारायला उभा राहतो.