वहीतला ६.० आणि दोन स्टिंगरेंचे मृत्यू

पंधरा दिवसांच्या अंतराने माझ्या तीन मोटोरो स्टिंगरेंपैकी (गोड्या पाण्यातल्या पाकटांपैकी) दोन मेले. दोन्ही वेळा टाकीचे पाणी काचेसारखे स्वच्छ होते, तापमान २७ अंशांवर स्थिर होते आणि आदल्या दिवसापर्यंत दोघेही कोळंबीचे तुकडे ओढून खात होते. अंगावर जखम नव्हती, हीटरला जाळी बसवलेली असल्यामुळे भाजल्याचा डागही नव्हता. जाणकार ज्या खुणेला घाबरतात ती मात्र दोन्ही वेळा दिसली: तबकडीसारख्या शरीराची कड वर वळून आत गुंडाळली गेली आणि डोळ्यांमागची श्वासरंध्रे एकसारखी धपापू लागली.

पहिल्या मृत्यूनंतर मी परजीवींवर संशय घेतला. पशुवैद्यांनी दुसऱ्या स्टिंगरेचे शवविच्छेदन केले, तेव्हा आतड्यांत किंवा कल्ल्यांवर परजीवी सापडले नाहीत. कल्ले तेवढे सुजलेले होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "शेवटचे पाणी कधी बदललेत?" दोन्ही मृत्यू पाणी बदलल्यानंतरच्या रात्री झाले होते, हे तो प्रश्न ऐकेपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते. पाणी बदलणे हे माझ्या दृष्टीने औषध होते, त्याच्याकडे कारण म्हणून पाहण्याची बुद्धी मला झाली नव्हती.

टाकीतून काढलेले पाणी मी झाडांसाठी पिंपात साठवतो, त्यामुळे सुदैवाने बदलाआधीचे पाणी हाताशी होते. त्याची आणि टाकीतल्या पाण्याची चाचणी मी शेजारी शेजारी केली. पिंपातल्या पाण्यात एकूण अमोनिया लिटरला ४ मिलिग्रॅम निघाला, आणि टाकीत, निम्मे पाणी बदलल्यावर असायला हवा तसा, २ मिलिग्रॅम. टाकी जुनी, फिल्टर मुरलेला, म्हणून कित्येक महिने मी अमोनिया तपासलाच नव्हता; फक्त नायट्रेट आणि पीएच पाहत होतो. वहीत पीएचच्या रकान्यात ओळीने ६.०, ६.०, ६.० असे लिहिलेले होते आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या माशाला असे किंचित आम्ल पाणी मानवते, म्हणून मी निर्धास्त होतो. माझ्या किटची रंगपट्टीच ६.० ला संपत होती. त्याखाली पीएच कितीही उतरला तरी नळीतले पाणी तेवढेच पिवळे दिसणार होते. मागून आणलेल्या पीएच मीटरने पिंपातल्या पाण्याचा आकडा ५.४ दाखवला आणि केएच, म्हणजे पीएच सावरून धरणारी कार्बोनेट क्षारता, शून्य निघाला.

त्यानंतर सगळी साखळी जुळली. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना पाण्यातली क्षारता खात असतात. दर १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने. स्टिंगरे प्रथिने भरपूर खातो, आणि समुद्रातल्या पाकटांप्रमाणे रक्तात युरिया साठवून ठेवण्याची क्षमता या नदीवासी कुळात उरलेली नसल्यामुळे बहुतेक नायट्रोजन अमोनियाच्या रूपानेच कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. अशा तीन जनावरांनी केएच संपवला, पीएच घसरला आणि ६ च्या खाली जिवाणूंचे काम जवळपास थांबले. अमोनिया साचत गेला, पण इतक्या आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम आयनाच्या रूपात असतो आणि तो फारसा विषारी नसतो. म्हणूनच जनावरे खात-पीत होती. मी क्षारता असलेले ताजे पाणी ओतले तसा पीएच ७.६ वर गेला. दहा हजारांत दोन भाग असलेला मुक्त, विषारी अमोनिया आता शेकडा अडीच झाला. एकूण साठा निम्म्यावर येऊनही विषाचा भाग कित्येक पटींनी वाढला होता.

तिसऱ्याची कडही तेव्हा किंचित वर उचलू लागली होती. पुन्हा पाणी बदलायला हात धजत नव्हता, पण पीएच आधीच वर चढलेला असल्याने आता आणखी बदलाने धोका वाढणार नव्हता, उलट साठाच पातळ होणार होता, हे कागदावर मांडून पाहिल्यावर धीर आला. अमोनिया बांधून ठेवणारे द्रव्य घातलेले, २७ अंशांवर आणलेले पाणी मी त्याच दिवशी दोनदा, निम्मे निम्मे बदलले, फिल्टरमध्ये झिओलाइट या अमोनिया शोषणाऱ्या खनिजाची पिशवी ठेवली आणि खाणे पूर्ण बंद केले. रात्री दोन वाजता श्वासरंध्रांची उघडझाप मोजली तेव्हा ती दुपारपेक्षा बरीच संथ झाली होती, पण कड सपाट व्हायला आणखी दीड दिवस लागला.

फिल्टर पुन्हा पूर्ण कामाला लागायला तीन आठवडे गेले. तोवर मी रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासत होतो आणि खाणे चिमटीने, अगदी थोडे देत होतो. आता फिल्टरमध्ये पोवळ्याच्या चुऱ्याची पिशवी कायम असते, केएच ३ ते ४ अंशांवर राहतो आणि पाणी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी पाचव्या हिश्शाइतकेच बदलतो. पहिल्याच्या मृत्यूच्या दिवशी अमोनिया किती होता ते मला कळणार नाही, कारण ते पाणी मी तेव्हाच झाडांना घातले होते.